टँगोतून एवा पेरॉनचं आयुष्य सांगताना: 'गोष्ट कळली नाही' म्हणजे नेमकं काय कळलं नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. जर्मनीतला तुमचा टँगो गट, पाच जोड्या आणि चार वादक. अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉन यांची पत्नी एवा पेरॉन हिच्या आयुष्यावर पावणेदोन तासांचा कार्यक्रम बसवलाय आणि बारा गावांचा दौरा ठरलाय. तीसेक ओळखीच्या लोकांसमोर तालीम झाली. नाच सगळ्यांना फार आवडला, पण 'गोष्ट काही कळली नाही' हेही जवळजवळ प्रत्येकानं सांगितलं. म्हणून आता निवेदक घ्यावा की मागच्या पडद्यावर मजकूर दाखवावा, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात टँगो शिकले, नंतर अकरा वर्षं युरोपात दौऱ्यांवर नाचले आणि गेली सात वर्षं अशा कार्यक्रमांच्या तालमी घेते. एखाद्याच्या चरित्रावर बेतलेले तीन कार्यक्रम मी आतून पाहिलेत, त्यांतला एक एवावरचाच होता. निवेदक की पडदा, हा प्रश्न मला दुसऱ्या नंबरचा वाटतो. त्याच्या आधी हे बघायला हवं, की तुम्ही टँगोला जे सांगायला लावलंय ते त्याला सांगता येतं का.

तुमच्या प्रसंगांच्या यादीत बावीस नोंदी आहेत. जन्म, गाव, रेल्वेचा प्रवास, पहिली भूमिका, रेडिओ, पेरॉनची भेट, लग्न, निवडणूक, युरोपचा दौरा, मताधिकार, फाउंडेशन, आजार, मृत्यू वगैरे. ही चरित्रकोशातली यादी झाली. 'सप्टेंबर १९४७ मध्ये स्त्रियांना मताधिकार देणारा कायदा झाला' हे वाक्य कुठल्याही पावलात बसत नाही, नर्तक कितीही चांगले असोत. टँगोला दोन माणसांमधलं अंतर सांगता येतं. कोण कुणाकडे आधी वळलं, कुणाचा भार कुणावर पडला, कोण मध्येच थांबलं, मिठी कुणी सोडली आणि सोडताना हात पाठीवर किती रेंगाळला. हे तो इतक्या बारकाईनं सांगतो की तिथं शब्द तोकडे पडतात. म्हणून घटना मोजणं सोडा आणि एवाची नाती मोजा. माझ्या हिशोबानं ती पाच आहेत: वडिलांचं दार, शहर, पेरॉन, गर्दी आणि तिचं स्वतःचं शरीर. सहावा भाग तिच्या मृत्यूनंतरचा, त्याबद्दल पुढे लिहिते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य करायलाच हवं. ब्युनोस आयरेसमध्ये प्रयोग असेल तर प्रेक्षकाला गोष्ट आधीच पाठ असते, तो फक्त तुम्ही तिच्याकडे कुठून बघताय ते पाहायला येतो. तिथं आजही तिच्यावर जीव टाकणारी आणि तिचं नाव निघताच चेहरा कडू करणारी माणसं एकाच रांगेत बसलेली असतात. जर्मनीतल्या छोट्या गावातल्या बऱ्याच प्रेक्षकांना ती ठाऊक असेल ती 'एविता' या ब्रिटिश संगीतिकेमुळे. त्यातली एवा बाल्कनीत उभी राहून गाते आणि चे नावाचा निवेदक कथा पुढे नेतो. तुम्ही उपरोधिक निवेदक आणलात की प्रेक्षक मनातल्या मनात तुलना सुरू करणार. बाल्कनी उभारलीत तर तो त्या गाण्याची वाट बघत बसणार. दोन्ही टाळा असं मी सांगेन.

आता नाती एकेक करून घेऊ.

एवाचा जन्म ७ मे १९१९ चा, लोस तोल्दोसचा. वडील हुआन दुआर्ते यांचं कायदेशीर कुटुंब चिविल्कोयला होतं आणि एवाची आई व पाच मुलं हे त्यांचं दुसरं घर. जानेवारी १९२६ मध्ये मोटार अपघातात ते गेले. आई पोरांना घेऊन अंत्यदर्शनाला गेली, तर दारातच अडवणूक झाली. बऱ्याच बोलाचालीनंतर त्यांना आत सोडलं. एवा तेव्हा सहा वर्षांची होती. तुमच्या संहितेत हा प्रसंग नाहीच, पण माझ्या मते प्रयोगाची सुरुवात इथून व्हावी. मंचावर शवपेटीची गरज नाही. मिलोंगामध्ये, म्हणजे टँगो नाचायच्या मेळाव्यात, जोड्या एका दिशेनं गोल फिरत असतात, ती रोंदा लावा. सगळे काळ्या कपड्यांत. कडेला एक बाई आणि तिचा हात धरलेली मुलगी आत शिरायला फट शोधताहेत, आणि प्रत्येक जोडी जवळ येताच अंतर मिटवून टाकते. दोन मिनिटं एवढंच चालू द्या. ज्यानं आयुष्यात टँगो पाहिलेला नाही त्यालाही हे कळतं, कारण मांडवाच्या कडेला ताटकळणं काय असतं ते प्रत्येकाला माहीत असतं.

दुसरं नातं शहराशी. ती जानेवारी १९३५ मध्ये पंधराव्या वर्षी हुनीनहून ब्युनोस आयरेसला आली. इथं टँगोवाल्यांना एक मोह होतो आणि तुम्हीही त्यात अडकला आहात. गायक आगुस्तिन मागाल्दी तिला सोबत घेऊन गेला, ही दंतकथा. गोष्टीच्या दारातच टँगो गायक उभा, म्हणून ती आपल्याला सोयीची वाटते. पण त्या सुमारास मागाल्दीचा हुनीनमध्ये कार्यक्रम झाल्याची नोंद सापडत नाही, आणि आई तिला शहरात सोडून आली असं तिच्या घरच्यांनी सांगितलं होतं. खऱ्या माणसाचं चरित्र म्हणून तिकीट विकत असाल तर ही गोष्ट घटना म्हणून दाखवू नका. आम्ही तो प्रसंग काढला आणि त्या जागी एकच तांदा, म्हणजे सलग नाचायच्या गाण्यांचा संच, ठेवला. चार गाणी, दर गाण्याला जोडीदार वेगळा. पहिल्या गाण्यात ती प्रत्येक पावलाला मागे राहते. चौथ्यात जोडीदाराचा इशारा येण्याआधीच तिचा पाय निघालेला असतो. 'ती शहर शिकली' हे सांगायला तेवढं पुरलं.

पेरॉनशी भेट २२ जानेवारी १९४४ ची, ब्युनोस आयरेसच्या लुना पार्क या बंदिस्त स्टेडियममध्ये. आठवडाभरापूर्वी सान हुआनला भयंकर भूकंप झाला होता आणि त्यातल्या पीडितांसाठी मदतनिधीचा कार्यक्रम होता. ती चोवीस वर्षांची, तो अठ्ठेचाळीसचा. तुम्ही इथं सगळ्यांत अवघड उचल आणि गांचो (जोडीदाराच्या पायाला पायानं आकडा घालणं) ठेवलेत, कारण 'प्रेमाचा प्रसंग' आहे. मी उलट करेन. संपूर्ण कार्यक्रमात पहिल्यांदा खरीखुरी जवळची मिठी इथंच दिसू द्या आणि त्या मिठीत दोघांना नुसतं चालू द्या. एका गाण्याभर चालणंच, पायांची एकही करामत नाही. आधीच्या तासाभरात प्रेक्षकाला नजाकतीची सवय लागलेली असते. ती अचानक थांबली की तो पुढे सरकून बसतो.

सगळ्यांत जास्त वेळ मी चौथ्या नात्यावर घालवेन, कारण एवाचं सर्वांत मोठं नातं गर्दीशी होतं. इथंही एक सावधगिरी. १७ ऑक्टोबर १९४५ ला कामगार प्लाझा दे मायो या चौकात जमले आणि अटकेतल्या पेरॉनची सुटका झाली, त्यामागे एवा होती असं पुष्कळदा दाखवतात. अभ्यासक त्या दिवशीच्या जमवाजमवीत तिचा वाटा फारसा मानत नाहीत. तो दिवस एका उडीत ओलांडा आणि थेट २२ ऑगस्ट १९५१ वर या. आवेनिदा ९ दे हुलिओ या रस्त्यावर, सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाच्या इमारतीसमोर प्रचंड जनसमुदाय होता. एवानं उपराष्ट्रपतिपदाची उमेदवारी स्वीकारावी, आत्ताच्या आत्ता, असा त्यांचा हट्ट. ती वेळ मागते, लोक ऐकत नाहीत, अंधार पडतो, मशाली पेटतात, तरी सवाल-जवाब चालूच. शेवटी ३१ ऑगस्टला तिनं रेडिओवरून नकार कळवला.

हे नाचातून कसं दाखवायचं यावर आम्ही तीन आठवडे डोकं फोडलं. गर्दी म्हणून सगळ्यांना हात वर करून नाचवलं, ते कवायतीसारखं दिसलं. एवाला उंचावर उभं केलं, तर ती नाचातूनच बाहेर पडली. मग एका तालमीच्या मधल्या सुट्टीत मी कडेला बसून दोघं जण चहाच्या टेबलाशी एकमेकांना नजरेनं 'चल, नाचू या' विचारताना पाहत होते, आणि तिथं ते सापडलं. काबेसेओ! मिलोंगात नाचाचं आमंत्रण तोंडानं देत नाहीत. दुरून नजर भिडवायची, किंचित मान हलवायची. समोरच्याला नको असेल तर तो नजर भिडूच देत नाही, आणि कुणाचाच अपमान होत नाही. आम्ही नऊ नर्तक मंचाच्या एका बाजूला उभे केले आणि नऊही जण एकाच वेळी तिला काबेसेओ करत होते. ती हो म्हणत नाही. नजर वळवून नाहीही म्हणू शकत नाही, कारण ही माणसं तिची आहेत. ती एकाकडे बघते, घाईनं दुसऱ्याकडे, मग खाली. ते एक पाऊल पुढे येतात. पुन्हा तेच. संगीत नाही, फक्त बांदोनेऑन या टँगोतल्या पेटीसारख्या वाद्याचा भाता उघडल्या-मिटल्याचा श्वास. पहिल्या प्रयोगाला सहाशे माणसांच्या नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. तिथं कुठला शब्द घातला असता तर तो प्रसंग मोडला असता, असं मला आजही वाटतं.

पाचवं नातं शरीराशी. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानं ती गेली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. तुमच्या नर्तिकेला कपाळाला हात लावायला, अडखळायला, कोसळायला सांगितलंय, ते काढून टाका. टँगोत भार नावाची गोष्ट आपल्या हातात असताना अभिनयाची ओढाताण कशाला? सुरुवातीपासून तिचा तोल तिच्या स्वतःच्या पायांवर ठेवा. शेवटच्या भागात तो हळूहळू जोडीदाराच्या छातीवर येऊ द्या. आधी बोटभर, मग वीतभर, मग असा की तो बाजूला झाला तर ती पडेल. ४ जून १९५२ ला पेरॉनच्या दुसऱ्या शपथविधीला ती उघड्या मोटारीत उभी होती. फरच्या कोटाखाली तिला उभं धरणारा आधार बसवला होता असं सांगितलं जातं. ही आख्यायिका असेलही, पण ते चित्र या मिठीतून आपोआप उमटतं, आणि 'हे असंच घडलं' असा दावाही तुम्ही करत नाही.

आणि तुमचा मताधिकाराचा प्रसंग वाया जात नाही. त्याला इथं जागा आहे. कायदा १९४७ चा, पण अर्जेंटिनातल्या स्त्रियांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मतदान केलं ते ११ नोव्हेंबर १९५१ ला. त्या दिवशी एवा शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात पडून होती आणि मतपेटी तिच्या खाटेपाशी नेली गेली. पाच बायका रांगेत, सगळ्यांत शेवटी ती, आणि पेटीच चालत तिच्याकडे येते. कायदा, आजार आणि गर्दी एकाच चित्रात येतात.

नाती झाली, आता संगीत. तुम्ही सुरुवातीपासून नव्या वळणाचा टँगो रचणाऱ्या पियाझोलाचं संगीत वाजवताय. ओढ समजते, पण त्यामुळे तुमच्या हातातलं सर्वांत सोपं घड्याळ निसटलंय. टँगोचा सुवर्णकाळ साधारण १९३५ ते १९५५ मानतात. एवा १९३५ च्या जानेवारीत शहरात आली, त्याच वर्षी जूनमध्ये टँगोचा लाडका गायक कार्लोस गार्देल कोलंबियातल्या मेदेयिनच्या विमान अपघातात गेला आणि वर्षअखेर दारिएन्सोच्या वाद्यवृंदाच्या चपळ ठेक्यानं तरुणांना पुन्हा नाचाकडे ओढलं. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये लष्करानं पेरॉनला हटवलं, त्यानंतर टँगोही ओसरत गेला. तिचं शहरातलं आयुष्य आणि टँगोचा भर जवळजवळ एकाच चौकटीत बसतात. मग शहराच्या तांदाला दारिएन्सोचा ठेका, लुना पार्कला १९४० च्या दशकातल्या त्रोइलोच्या वाद्यवृंदाच्या वळणाचा भावगर्भ टँगो आणि शेवटाला दि सार्लीच्या वाद्यवृंदाचा संथ, भारदस्त चालीचा. वर्ष न सांगता वर्ष पुढे सरकतं.

एक जपा. पुग्लिएसेचे टँगो नाट्यमय आहेत, म्हणून तुम्ही पेरॉनच्या विजयाच्या प्रसंगाखाली ते घेतलेत. पियानोवादक आणि वाद्यवृंदप्रमुख पुग्लिएसे कम्युनिस्ट होता आणि पेरॉनच्या राजवटीत त्यानं तुरुंग पाहिला. तो आत असताना वाद्यवृंद त्याच्या रिकाम्या पियानोवर लाल कार्नेशन ठेवून वाजवायचा. प्रेक्षकांत एक जरी अर्जेंटिनी असला तरी त्याला हे खटकणार. उलट टँगोगीतं लिहिणारा दिसेपोलो पेरॉनच्या बाजूनं १९५१ मध्ये रेडिओवर बोलत होता. कुठल्या प्रसंगाखाली कोण वाजतंय यालाही तिथं अर्थ आहे, म्हणून निवड डोळसपणे करा.

पियाझोला ठेवा मृत्यूनंतरच्या भागासाठी. तिचं शव जतन केलं होतं. १९५५ च्या उठावानंतर लष्करानं ते पळवलं, १९५७ मध्ये परक्या नावानं मिलानच्या दफनभूमीत पुरलं, १९७१ मध्ये माद्रिदला पेरॉनच्या स्वाधीन केलं, १९७४ मध्ये ते मायदेशी आलं आणि १९७६ मध्ये ब्युनोस आयरेसमधल्या रेकोलेताच्या दफनभूमीत विसावलं. पियाझोलाचं नवं संगीतही १९५५ पासूनच जोर धरतं. या भागात एवा मंचावर नकोच. पुरुषांनी पुरुषांबरोबर नाचावं, जसे जुन्या काळी ते आपसात सराव करायचे, आणि दोघांच्या मिठीत मध्ये एका माणसाची जागा रिकामी ठेवावी. ती जागा एका जोडीकडून दुसरीकडे जात राहते. तुमच्याकडे पाच पुरुष आहेत, दोन जोड्या आणि एक पहारेकरी होतो.

आता निवेदकाचं. एवढं सगळं केल्यावरही चार ठिकाणी शब्द लागतील, हे मी मानते. ते रेडिओकडून घ्या. ती रेडिओची नटी होती, रेडिओ बेल्ग्रानोवर इतिहासातल्या नामवंत स्त्रियांच्या भूमिका करायची. तिची कारकीर्द, उमेदवारीचा नकार आणि २६ जुलै १९५२ ला रात्री ८ वाजून २५ मिनिटांनी ती गेल्याची घोषणा, सगळं रेडिओवरच घडलं. मंचाच्या कोपऱ्यात एक जुना रेडिओ, त्यातून चार-पाच छोटी वाक्यं, ज्या देशात प्रयोग असेल त्या भाषेत आधीच ध्वनिमुद्रित केलेली. पडद्यावर फक्त सालं आणि गावाचं नाव. पडदा वाचायला लावलात की डोळे पायांवरून उठतात, आणि त्या तीन सेकंदांत जे निसटतं ते परत मिळत नाही.

दौऱ्याच्या व्यवहाराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण गोष्ट बिघडते ती पुष्कळदा तिथंच. पहिली काळजी जमिनीची. बारा नाट्यगृहांना लेखी विचारा: लाकूड आहे की विनाइल, खाली लवचीक फळ्या आहेत की सिमेंट, आणि रंगमंचाला उतार आहे का. एका नाट्यगृहात आमच्या स्वागतासाठी कोरं करकरीत विनाइल अंथरलं होतं. दुसऱ्याच वळणाला माझा तळवा जागीच चिकटला, गुडघा पुढे फिरला आणि मी सात आठवडे घरी बसले. तेव्हापासून मी सामान उतरवायच्या आधी नाचाचे बूट घालून मंचावर दहा वळणं घेते आणि प्रत्येक नर्तकाला घ्यायला लावते.

दुसरी काळजी पियानोची. बांदोनेऑनच्या पट्ट्या पोलादी, त्याचा सूर संध्याकाळपुरता बदलता येत नाही. तुमच्या वाद्याचा सूर ४४२ हर्ट्झवर असेल आणि गावचा पियानो ४४० वर, तर जवळच्या मिठीचा तो शांत प्रसंग कानाला बोचत राहील. करारातच आकडा लिहा आणि पियानो त्या सुरात लावून मागा. (तुमच्या वादकाकडे जुनं वाद्य असेल तर ते बहुधा सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्डचं असेल. या वाद्याचं माहेर तुमच्याच देशात आहे, दौऱ्याच्या पत्रकात हे जरूर लिहा.)

तिसरी, टोपाची. एवाचा तो घट्ट सोनेरी अंबाडा हवाच, पण जवळच्या मिठीत तिचं कपाळ जोडीदाराच्या गालाला टेकलेलं असतं आणि घामानं टोप कडेनं सुटतो. आम्ही शेवटी टोपाची उजवी कड अर्धा इंच मागे घेतली आणि तिथं नर्तिकेचे स्वतःचे केस रंगवून पुढे ओढले. आणि एवा दोघींनी करा, एक हुनीनची मुलगी, एक पुढची. कपडे बदलायला वेळ मिळतो, आणि एकीचा पाय मुरगळला तर प्रयोग रद्द होत नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. जर्मनीत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात. गीतकार मान्सी आणि दिसेपोलो १९५१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन मोकळं झालंय, पण गाण्याचा दुसरा कर्ता नंतर गेला असेल तर ते गाणं मोकळं नाही. पियाझोला १९९२ मध्ये गेला, त्याचे हक्क दीर्घकाळ आहेत. शिवाय नुसत्या मैफलीसाठीची परवानगी गोष्ट सांगणाऱ्या प्रयोगाला पुरेलच असं नाही, तेव्हा तिकीटविक्री सुरू करण्याआधी हे लेखी विचारून घ्या.

पुढच्या तालमीला सगळं बदलायला जाऊ नका. फक्त २२ ऑगस्टचा प्रसंग घ्या, रोजच्या कपड्यांत, संगीताशिवाय, आणि टँगोशी काही संबंध नसलेल्या दोन शेजाऱ्यांना बसवा. संपल्यावर 'गोष्ट कळली का' असं विचारू नका. 'त्या बाईला काय हवं होतं आणि तिला ते का म्हणता येत नव्हतं' एवढंच विचारा, आणि ते काय म्हणाले ते मला कळवा.